पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

नर्सिंगला प्रवेश पक्का झाला की घरात फीची चर्चा होते, होस्टेलची होते, युनिफॉर्म कुठून शिवून घ्यायचा याचीही होते. अभ्यासाची होत नाही. बारावी आणि सीईटी पार पडली म्हणजे अवघड ते संपलं, असं आईवडिलांनाही वाटतं आणि मुलीलाही. खरं अवघड पुढे असतं, आणि ते पहिल्याच सत्रात समोर येतं. ॲनॉटॉमी म्हणजे शरीररचना आणि फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रिया. पुढच्या चार वर्षांतलं औषधशास्त्र, सर्जिकल नर्सिंग, प्रसूतिशास्त्र हे सगळं या दोन विषयांवर उभं असतं, आणि नेमके हेच दोन विषय सगळ्यात घाईत शिकावे लागतात.

इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सत्रपद्धत आणली. पहिल्या सत्रात ॲनॉटॉमीला ६० तास आणि फिजिऑलॉजीला ६० तास. परीक्षेत दोन्हींची मिळून ७५ गुणांची एकच प्रश्नपत्रिका, त्यात रचनेला ३७ आणि क्रियेला ३८ गुण. उरलेले २५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन आहेच. २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, हृदय, मूत्रपिंडं, डोळा, कान, गर्भाशय, हे सगळं ६० तासांत बसवायचं. तीन वर्षांच्या जीएनएम पदविकेला बायोसायन्स या विषयात ॲनॉटॉमी-फिजिऑलॉजीसाठी ९० तास आहेत. पण जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते. कला शाखेतून आलेल्या मुलीनं दहावीच्या विज्ञानानंतर शरीराबद्दल काहीच वाचलेलं नसतं.

नेवासा तालुक्यातल्या मुलींना नर्सिंग कॉलेजांचे रस्ते बरेच आहेत. लोणीला प्रवरा मेडिकलचं नर्सिंग कॉलेज आहे, अहिल्यानगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं आहे, नेवासा फाट्यावरून उलट्या दिशेची एसटी धरली की छत्रपती संभाजीनगर आहे. त्यामुळे सोनई, भेंडे, कुकाणा, घोडेगाव, चांदा अशा गावांतून मुली जातात, आता मुलंही जातात. पण प्रवेशफेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीत नंबर लागलेली मुलगी वर्गात पोचते तेव्हा शरीराची ओळख आणि पेशी-ऊती शिकवून झालेल्या असतात, श्वसनसंस्था सुरू असते, आणि तिला ‘मीडिअल’ आणि ‘लॅटरल’ यांतला फरकही कुणी सांगितलेला नसतो. तिथून तिची जी ओढाताण सुरू होते ती परीक्षेपर्यंत थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की सीईटी संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने हेच या विषयाचे खरे महिने आहेत. या महिन्यांत पुस्तक किती वेळा वाचलं याला फारशी किंमत नाही. पुस्तक मिटून किती वेळा आठवून पाहिलं, त्याला आहे.

आपल्याकडे अभ्यास म्हटलं की वाचन. धडा वाचायचा, पिवळ्या हायलायटरनं ओळी रंगवायच्या, मग रंगवलेलं पुन्हा वाचायचं. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘झालं’ असं मन म्हणतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परीक्षेच्या खोलीत कळतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं थोडंच वाचलं आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल तसं लिहून काढलं, तेही पुन्हा पुन्हा. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहून पाहणाऱ्यांना ६१ टक्के. आठवून पाहणाऱ्यांनी उतारा कितीतरी कमी वेळा वाचला होता, तरीही.

पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं या दोन रीती त्यांनी सगळ्यात वर ठेवल्या. पुन्हा वाचणं, हायलायटर मारणं आणि सारांश काढणं तळाला गेलं. आपल्या मुली ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतात त्याच या तीन गोष्टी. त्यात मुलींचा दोष नाही. पहिलीपासून त्यांना ‘नीट वाच’ एवढंच सांगितलं जातं. ‘आता पुस्तक ठेव आणि सांग’ असं म्हणणारं कुणी भेटलं तर ते नशीब.

असं आठवून पाहण्यासाठी कोऱ्या कागदाचा अभ्यास करायचा, तो असा. मूत्रपिंडाचा भाग एकदा समजून वाचला. पुस्तक मिटलं. कोऱ्या पानावर नेफ्रॉन काढायचा: बोमनची संपुटी, तिच्यातला केशवाहिन्यांचा गुंता, जवळची नलिका, हेन्लेचा वळसा, दूरची नलिका, संग्राहक नलिका. पहिल्यांदा निम्मं सुटतं. सुटलेलं लाल पेनानं भरायचं. दोन दिवसांनी दुसरा कोरा कागद, आणि या वेळी लाल पेन कमी लागतो. मग चित्राला प्रश्न विचारायचे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड लिटर. बाकीचा कुठं गेला? नलिकेच्या कोणत्या भागात किती परत घेतला गेला, आणि तो घ्यायला कुणी सांगितलं? या एका प्रश्नाला धड उत्तर देणाऱ्या मुलीचा मूत्रसंस्थेचा निम्मा अभ्यास झालेला असतो. चित्र सुंदर नसलं तरी बिघडत नाही. जर्नलमधल्या रंगीत आकृत्यांवर मुली रात्र रात्र घालवतात. पुस्तकातून बघून काढलेली आकृती हाताला वळण देते, डोक्यात फार थोडं ठेवते.

दुसरी गोष्ट उजळण्यांमधल्या अंतराची. जर्मनीत एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्यावर पहिल्या दिवसातच त्यांतला बराचसा भाग निसटतो, आणि पुढे निसटण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणजे पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात. मुळा कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीला हे आवर्तनावरून लगेच कळेल. उसाला पाणी पाळीपाळीनं लागतं. तीन महिन्यांचं पाणी एका रात्रीत सोडलं तर सरी भरून वाहते आणि मुळाला त्यातलं फारसं पोचत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला अभ्यास तसा असतो. आज शिकलं ते उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं आठवून पाहायचं. वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून ठेवल्या तरी पुरे, त्याला ॲप लागत नाही. ज्यांना मोबाइलवर सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी प्रश्नपत्त्यांचं ‘आंकी’ हे ॲप आहे. पण तयार पत्ते उतरवून घेऊ नयेत. पत्ता स्वतः बनवताना काय विचारायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हा अभ्यासच असतो.

आता हाडं. ॲनॉटॉमीची भीती बहुतेक इथूनच सुरू होते, कारण प्रत्येक हाडाला नाव, प्रत्येक उंचवट्याला नाव, प्रत्येक खाचेला नाव. ही नावं यादी म्हणून पाठ केली की निसटतात. हाडाला काही विचारलं की राहतात. नेवाशाच्या मुलींना यासाठी लांब जायला नको. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी नेवाशात प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं. त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम यांचे धागे होते. उत्खननाच्या अहवालात या सांगाड्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे. हे मूल केवढं होतं, हे नाव-गाव काहीच ठाऊक नसताना कसं सांगतात? दुधाचे किती दात आले होते ते बघून, जबड्याच्या आत पुढचे दात किती तयार झाले होते ते बघून, आणि लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळली होती की सुटी होती ते बघून. फीमरचं टोक, वाढीची चकती, दातांचा क्रम ही परीक्षेतली रूक्ष वाटणारी नावं इथं एका लेकराचं वय सांगतात. असं एकदा कळलं की ‘एपिफिसिस’, म्हणजे लांब हाडाचं टोक, हा शब्द पाठ करावा लागत नाही.

त्याच वयाचं दुसरं उदाहरण प्रत्येक घरात असतं. बाळाची टाळू. आज्जी तिच्यावर तेल घालते, ती भरून येईपर्यंत जपते. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात म्हणून तिथं फट असते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच. जुलाब झालेल्या बाळाची टाळू खोल गेली तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे, आणि फुगून वर आली तर कवटीच्या आत दाब वाढला असेल. बालरुग्ण वॉर्डात नर्स हे रोज बघते. यातली पहिली गोष्ट आज्जीला न शिकताच माहीत असते. तिच्याजवळ बसून बाळाच्या डोक्याला हात लावला आणि मग पुस्तकातलं कवटीचं पान उघडलं, तर चार हाडं आणि त्यांच्या शिवणी एका बैठकीत होतात.

स्वतःचं शरीर हे या विषयाचं सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि ते बरोबरच असतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी चाचपायची, तिथं रेडिअल धमनी आहे. कोपराच्या घडीत आतल्या अंगाला बोटं दाबली की ब्रेकिअल लागते, बीपी मोजताना स्टेथोस्कोप तिथंच ठेवतात. मान पुढे वाकवली की खांद्यांच्या वर जो मणका टोचतो तो बहुधा मानेचा सातवा. मणक्यांची संख्या लक्षात ठेवायला सातला न्याहारी, बाराला जेवण, पाचला चहा पुरतं: मानेचे ७, छातीचे १२, कंबरेचे ५. पुढे माकडहाडाच्या वर जुळून एक झालेले ५ आणि माकडहाडाचे बहुतेक ४. असल्या क्लृप्त्या नावांपुरत्या उपयोगी आहेत. त्यांनी समज येत नाही, पण समज यायला लागेपर्यंत नावं धरून ठेवायला त्या हव्यात. इंग्रजीतल्या तयार क्लृप्त्या पाठ करण्यापेक्षा आपल्या बोलीत स्वतः रचलेल्या अधिक टिकतात.

हृदयाबद्दल मात्र चित्रावर भागवू नये. मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणावं. ‘दिल’ म्हणून मागावं आणि चीर न देता, वरच्या नळ्या ठेवून द्यायला सांगावं. ताटात टोक खाली धरून ठेवलं की पुढून चरबीची एक तिरकी रेघ दिसते. तिच्यातून हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमनीची फांदी जाते आणि तिच्या दोन बाजूंना दोन जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, असतात. बोटानं दाबून बघायचं: एक बाजू दबते, दुसरी घट्ट लागते. घट्ट ती डावी. कापण्याआधी वरच्या जाड नळीत, म्हणजे महाधमनीत, वाटीनं पाणी ओतायचं. आतल्या तीन पाकळ्यांची झडप फुगून मिटते आणि पाणी वरच थांबतं. ही झडप चित्रात वर्षभर बघितली तरी पाणी थांबतं तेव्हा जे कळतं ते वेगळंच. मग नव्या ब्लेडनं दोन्ही बाजू उभ्या उघडायच्या. उजवी भिंत पातळ आणि डावी तिच्या कितीतरी पट जाड, कारण उजवीला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलायचं असतं आणि डावीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. आत पांढरे, दोऱ्यासारखे तंतू दिसतात. झडपेच्या पडद्याची कड त्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेली असते. जवनिका आकुंचन पावली की पडदा उलटा होऊन वर जाऊ नये म्हणून. हातात धरून तंतू ओढला की पडदा ताणलेला दिसतो.

गुर्दा आणला तर एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तो उभा चिरला की बाहेरचा आणि आतला थर स्पष्ट दिसतो, पण माणसाच्या मूत्रपिंडात वेगवेगळे दिसणारे पिरॅमिड बोकडाच्या गुर्द्यात एकत्र जुळून एकच कंगोरा झालेले असतात. बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या, आपल्याला १२. मानेचे मणके मात्र दोघांनाही सातच. हे फरक शोधत गेलं की माणसाची रचना पक्की होते. घर माळकरी असेल तर यातलं काही घरात करता येणार नाही, आणि त्याची सक्तीही कुणी करू नये. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुने असतात, आणि स्वतःच्या शरीरावर स्केचपेननं हृदयाची कड, यकृताची खालची रेघ, फुप्फुसांची टोकं काढून बघता येतात.

नावांचा डोंगर ॲनॉटॉमीत आहे. फिजिऑलॉजीची अडचण वेगळी, आणि मला ती जास्त मोठी वाटते. तिथं एका गोष्टीनं दुसरी होते, दुसरीनं तिसरी, आणि तिसरी परत पहिलीवर येते. जोएल मायकल या प्राध्यापकांनी २००७ मध्ये फिजिऑलॉजीच्या शिक्षकांना विचारलं की विद्यार्थ्यांना हा विषय जड का जातो. शिक्षकांनी बोट ठेवलं ते मुख्यतः विषयाच्या स्वरूपावर: कार्यकारणाची साखळी धरून विचार करावा लागतो, आणि विद्यार्थी ‘शरीराला हवं असतं म्हणून’ असं म्हणून ती साखळी मधेच तोडतात. ‘शरीराला पाणी हवं म्हणून मूत्रपिंड पाणी अडवतं’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यात काहीच सांगितलेलं नाही. मूत्रपिंडाला कळलं कसं?

कांदा काढणीच्या दिवसांत दुपारभर शेतात राहिलेली बाई घ्या. घाम गेला, पाणी प्यायली नाही. रक्तातलं पाणी कमी झालं, क्षारांचं प्रमाण वाढलं. मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना ते जाणवलं. तिला तहान लागली, आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून एडीएच हे संप्रेरक सुटलं. ते रक्तातून मूत्रपिंडात पोचलं, संग्राहक नलिकांच्या भिंतींत पाण्याच्या वाटा उघडल्या, पाणी परत रक्तात ओढलं गेलं. लघवी थोडी आणि गडद झाली. इकडे रक्ताचं आकारमान घटल्यानं दाब उतरू लागला. मानेतल्या कॅरॉटिड धमनीतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाबसंवेदकांनी ते टिपलं. सिम्पथेटिक चेतासंस्था जागी झाली, हृदयाचे ठोके वाढले, कातडीच्या वाहिन्या आक्रसल्या. मूत्रपिंडातून रेनिन सुटलं, त्यातून अँजिओटेन्सिन, त्यातून अल्डोस्टेरॉन, आणि सोडियमबरोबर पाणी अडवलं गेलं. ग्रामीण रुग्णालयात तिला आणलं तेव्हा नाडी जलद, तळवे गार, ओठ कोरडे, सकाळपासून लघवी जवळजवळ नाही. नर्सनं या चार खुणा बघायच्या आणि प्रत्येकीच्या मागची कडी ओळखायची. एवढी एक साखळी कोऱ्या कागदावर बाणांनी मांडता आली, की अंतःस्रावी संस्था, रक्ताभिसरण, मूत्रसंस्था आणि चेतासंस्था अशी चार प्रकरणं एकमेकांना जोडली जातात. परीक्षेत ती चार ठिकाणी विचारली जातात, रुग्णात ती एकाच वेळी घडतात.

अशी साखळी पक्की करायची रीत म्हणजे ती मोठ्यानं कुणाला तरी सांगणं. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा मजकूर वाचायला दिला. काहींना प्रत्येक वाक्यानंतर ते स्वतःला समजावून सांगायला लावलं, बाकीच्यांनी तोच मजकूर दोनदा वाचला. समजावून सांगणाऱ्यांची समज जास्त वाढली. नेवाशात हे वेगळं सांगायला नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी इथं ज्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला असं मानतात तो पैस खांब आजही इथं आहे. सच्चिदानंदबाबा ते निरूपण लिहून घेत होते. समोर श्रोता बसवून, त्याच्या मनातली शंका आधी ओळखून अर्थ उलगडत नेणं, ही निरूपणाची रीत आपल्या कीर्तनांत अजून जिवंत आहे. ती अभ्यासात आणावी. आई भाकरी करताना तिला समोर बसवून ‘आई, तू भाकरीचा घास घेतलास की काय काय होतं सांगू?’ असं विचारावं आणि तोंडातल्या लाळेपासून लहान आतड्यापर्यंत जावं. जिथं अडखळायला होतं तिथं समज कच्ची आहे, आणि हे परीक्षेआधी कळणं फार मोलाचं. आई मध्येच ‘मग पित्त कशानं होतं गं?’ म्हणाली, तर त्या प्रश्नाला टाळू नये. रुग्ण तोच प्रश्न विचारणार आहेत.

मैत्रिणींचा गट याच कारणानं उपयोगी पडतो, पण एकत्र बसून आपापलं वाचायचं असेल तर घरी बसलेलं बरं. एकीनं विचारायचं, दुसरीनं पुस्तक न बघता सांगायचं, तिसरीनं चूक पकडायची.

भाषेचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते आणि उत्तरंही इंग्रजीत लिहायची असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला यातलं बरंचसं अपयश ‘मला समजत नाही’ असं वाटतं, प्रत्यक्षात तिला समजलेलं असतं आणि लिहिता येत नसतं. मराठीतून वैद्यक शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले होते. राज्याच्या भाषा संचालनालयानं शरीर परिभाषा कोशही काढला आहे. तरी वॉर्डातली भाषा इंग्रजी नावांची आहे आणि ती यावीच लागेल. माझा सल्ला असा: विचार मराठीत करा, साखळी मराठीत सांगा, आणि शेवटी तेच चार-पाच साध्या इंग्रजी वाक्यांत लिहा. रोज एक परिच्छेद. मोठी वाक्यं नकोत, एक वाक्य एक घटना.

नावांची भीती जायला त्यांचे तुकडे शिकावेत. ग्रीक-लॅटिनमधून आलेले शंभरेक तुकडे आले की हजारो शब्द उलगडतात. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंडाचं, हिपॅटो यकृताचं, कार्डिओ हृदयाचं, ऑस्टिओ हाडाचं, आयटिस म्हणजे दाह, ब्रॅडी मंद, टॅकी जलद. मग ‘ब्रॅडीकार्डिया’ किंवा ‘हिपॅटायटिस’ नव्यानं पाठ करावा लागत नाही. कॉलेज सुरू होण्याआधी बाकी काही जमलं नाही तरी एवढं करावं. वर्गात पहिल्या दिवशी शिक्षिका बोलतात ते कानाला परकं वाटत नाही.

पुस्तकांबद्दल. नर्सिंगसाठी रॉस आणि विल्सन यांचं पुस्तक १९६३ पासून चालत आलं आहे आणि आजही ते सगळ्यात समजूतदार वाटतं. त्यात रचना आणि क्रिया एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत, आणि तसंच शिकायला हवं. कौन्सिलच्या अभ्यासक्रमातही दोन्ही विषयांतल्या संस्थांचा क्रम जवळपास सारखाच आहे: श्वसन, पचन, रक्ताभिसरण, पुढे अंतःस्रावी ग्रंथी आणि ज्ञानेंद्रियं. तेव्हा फुप्फुसांची रचना आणि श्वासाची क्रिया एकाच आठवड्यात घ्यावी. परीक्षेची गाइडं आणि प्रश्नसंच शेवटच्या महिन्यात स्वतःची चाचणी घ्यायला चांगले, सुरुवातीला वाचायला वाईट, कारण त्यांत उत्तरं आहेत आणि कारणं नाहीत. यूट्यूबवर हिंदी-मराठीतले चांगले वर्ग आहेत. दहा मिनिटांचा एक भाग बघून थांबायचं, बंद करायचं, लिहायचं. सलग तासभर बघितलेला व्हिडिओ हे पुन्हा वाचण्यासारखंच आहे, फक्त जास्त गोड. प्रवेशाआधी हजारो रुपये भरून ‘फाउंडेशन क्लास’ लावायची गरज मला दिसत नाही. तेवढ्या पैशांत पुस्तक, साधा स्टेथोस्कोप आणि वर्षभराच्या वह्या येतात.

सुरुवात कुठून करायची तर बालभारतीपासून. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्राण्यांच्या ऊती, मानवी पोषण, उत्सर्जन आणि सांगाडा व हालचाल ही प्रकरणं आहेत. बारावीत श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय आणि प्रजनन. पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. सीईटीसाठी विज्ञानाच्या मुलींनी ती पर्याय ओळखण्यापुरती वाचलेली असतात, आता कोऱ्या कागदानं परत करावीत. कला शाखेच्या मुलीनं घाबरून न जाता दहावीच्या विज्ञानातल्या जीवनप्रक्रियांपासून चढत यावं. रोज दीड तास दिला तरी दोन-अडीच महिन्यांत हा पाया होतो. पहिल्या सत्रात तिला जे मिळेल ते नवं न राहता भर घालणारं ठरेल.

हे सगळं का, तर चुकीची किंमत रुग्ण मोजतो. कुल्ल्यावर इंजेक्शन देताना वरचा-बाहेरचा चतुर्थांश सोडून सुई खाली किंवा आत गेली तर सायॅटिक नसेला इजा होऊन पाय लुळा पडू शकतो. शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेल्या मुलाच्या उजव्या छातीवर आधी कान ठेवायचा असतो, कारण श्वासनलिकेचा उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि उभा आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून कॅथेटर घालताना स्वच्छतेत कणभर ढिलाई चालत नाही. प्रत्येक रचनेपुढे ‘हे मला वॉर्डात कधी लागेल?’ असं लिहून ठेवणाऱ्या मुली मागे पडत नाहीत. ज्या शिक्षिका वर्गात हे सांगतात त्यांच्या तासाला कुणी पेंगत नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती मुलींकडे नाही. नेवासा, सोनई, भेंडे इथल्या विज्ञान महाविद्यालयांत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. सांगाड्याचं मॉडेल, हृदयाचं, मेंदूचं, कानाचं मॉडेल, सूक्ष्मदर्शक आणि ऊतींच्या स्लाइड्स यांतलं बरंच काही तिथल्या कपाटांत असतं, आणि परीक्षा संपल्यापासून नवं वर्ष सुरू होईपर्यंत ही कपाटं सहसा बंदच राहतात. तालुक्यातून नर्सिंग, जीएनएम आणि फार्मसीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी त्या महिन्यांत आठवड्यातून दोन दुपारी ती उघडी ठेवावीत. एक शिक्षक, एक परिचर आणि सुट्टीवर गावी आलेली नर्सिंगची एखादी जुनी विद्यार्थिनी एवढं मनुष्यबळ पुरेल. मुलींनी मॉडेल हातात घेऊन सुटं करावं, जुळवावं, एकमेकींना विचारावं. पंखा आणि दिवे यांच्यापलीकडे यासाठी फार खर्च नाही. येत्या मेपासून एका तरी कॉलेजनं हे सुरू करावं.